घरकुलाच्या बांधकामाची नोंद: आवाससॉफ्टवर ती कशी होते, कशी पाहावी आणि चूक कशी दुरुस्त करून घ्यावी

प्रधानमंत्री आवास योजना – ग्रामीण या योजनेतून तुम्हाला घरकुल मंजूर झाले असेल, तर अनुदान एकरकमी मिळत नाही. ते हप्त्यांनी मिळते आणि प्रत्येक हप्ता ‘आवाससॉफ्ट’ या संगणक प्रणालीतील तुमच्या घराच्या नोंदीनुसार सुटतो. भिंत लिंटेलपर्यंत चढलेली असली, पण प्रणालीत घर अजून जोत्यावरच दिसत असेल, तर पुढचा हप्ता निघत नाही. म्हणून ‘बांधकाम झाले, पण पैसे आले नाहीत’ असे झाले की सर्वांत आधी आपली नोंद कुठे थांबली आहे ते पाहावे. ती पाहण्यासाठी कोणाचा लॉगिन लागत नाही, फी लागत नाही.

ही नोंद कोण भरतो, कधी भरतो, त्यात काय चुकू शकते आणि चुकले तर कोणाकडे जावे, याची माहिती या लेखात दिली आहे. शहरी भागासाठीची आवास योजना वेगळी आहे. तिची नोंद वेगळ्या प्रणालीत होते आणि येथील माहिती तिला लागू नाही.

योजना थोडक्यात

पूर्वीच्या इंदिरा आवास योजनेची पुनर्रचना करून १ एप्रिल २०१६ पासून ही योजना लागू झाली. सपाट प्रदेशात प्रत्येक घरासाठी १ लाख २० हजार रुपये, तर डोंगराळ राज्ये व दुर्गम भागांत १ लाख ३० हजार रुपये साहाय्य मिळते. खर्चाचा वाटा केंद्र व राज्य यांच्यात ६०:४० असतो. ईशान्येकडील व हिमालयीन राज्यांत तो ९०:१० आहे. घराचे किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर असावे लागते आणि त्यात स्वयंपाकाची स्वच्छ जागा धरलेली असते. याशिवाय शौचालयासाठी १२ हजार रुपये आणि घराच्या कामावर रोजगार हमीतून ९० दिवसांची (डोंगराळ व दुर्गम भागांत ९५ दिवसांची) अकुशल मजुरी मिळते. इच्छा असल्यास ७० हजार रुपयांपर्यंत बँकेचे कर्ज मिळवून देण्यास यंत्रणेने मदत करायची असते. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२४-२५ ते २०२८-२९ या काळासाठी आणखी दोन कोटी घरांना मंजुरी दिली.

काही राज्ये आपल्या तिजोरीतून जादा रक्कम देतात. ती किती व कधी मिळते, हे त्या त्या राज्याच्या आदेशावर ठरते, म्हणून त्याची चौकशी तालुक्याच्या कार्यालयातच करावी.

निविदा नाही, ठेकेदार नाही

गावात शाळेची खोली, रस्ता किंवा पाण्याची टाकी बांधायची असली की निविदा निघते, ठेकेदार ठरतो, अभियंता मोजमाप पुस्तिकेत झालेल्या कामाची नोंद करतो आणि त्या नोंदीवर ठेकेदाराचे बिल निघते. घरकुलात असे होत नाही. घर लाभार्थ्याने स्वतः बांधायचे किंवा आपल्या देखरेखीखाली बांधून घ्यायचे, असा योजनेचा नियम आहे. गवंडी, सुतार, मजूर तुम्ही लावू शकता; पण ठेकेदाराकडून घरे बांधून घेण्यास योजनेत मनाई आहे. कोणी ‘तुमची सगळी घरे आम्हीच बांधून देतो, हप्ता आमच्याकडे द्या’ असे सांगत गावात फिरत असेल, तर तो शासनाने नेमलेला माणूस नाही, हे नक्की समजा.

निविदा नाही म्हणजे मोजमाप पुस्तिकाही नाही. तिची जागा घेतली आहे मोबाइलवर काढलेल्या फोटोने. फोटोसोबत त्या जागेचे अक्षांश-रेखांश, तारीख आणि वेळ आपोआप जोडली जाते. यालाच ‘जिओ टॅगिंग’ म्हणतात. ठेकेदार आपल्या बिलासाठी मोजमाप पुस्तिकेकडे जसे डोळे लावून बसतो, तसेच तुम्हाला या फोटोंकडे लक्ष ठेवावे लागेल. फरक एवढाच की ठेकेदाराला ही पद्धत ठाऊक असते आणि लाभार्थ्याला बहुतेक वेळा ती कोणी सांगितलेली नसते.

नोंद कोण भरतो

आवाससॉफ्टमध्ये माहिती भरण्याचा अधिकार कार्यालयाच्या लॉगिनला असतो, तुम्हाला नाही. महाराष्ट्रात हे काम पंचायत समितीतून, गटविकास अधिकाऱ्यांच्या लॉगिनवरून चालते. गावपातळीवर ग्रामसेवक (आताचे पदनाम ग्रामपंचायत अधिकारी) कागद गोळा करतात आणि ग्रामीण गृहनिर्माण अभियंता बांधकामाची पाहणी करून फोटो काढतो. तुम्ही मध्य प्रदेश किंवा छत्तीसगडमध्ये राहत असाल, तर पंचायत समितीऐवजी ‘जनपद पंचायत’ हे कार्यालय असते. बेळगाव, बिदर या भागांत कर्नाटकची व्यवस्था लागू होते. तेथे ग्रामपंचायतीचे पंचायत विकास अधिकारी, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेले ‘पीडीओ’, आणि वर तालुका पंचायत असते. नावे बदलतात, नोंदीचा मार्ग तोच राहतो: गाव, मग तालुका, मग जिल्हा, मग राज्य.

फोटो काढण्यासाठी ‘आवासअ‍ॅप’ हे वेगळे मोबाइल अ‍ॅप आहे. त्यातून आलेला फोटो लगेच नोंदीत धरला जात नाही. तो तालुक्याच्या लॉगिनला जातो, तेथे तपासला जातो आणि मंजूर किंवा नामंजूर होतो. ही मधली पायरी लक्षात ठेवा, तिचा उल्लेख पुढे येणार आहे.

नोंदणी अर्जातील चार भाग

मंजुरीआधी कार्यालय तुमची नोंदणी करते. या अर्जाचे चार भाग असतात: वैयक्तिक माहिती, बँक खाते, इतर योजनांची जोड आणि कार्यालयाने भरायचा भाग. तुमच्याकडून कागद फक्त एकदा घेतले जातात, पण त्यातील प्रत्येक आकडा पुढची वर्षभर तुमच्या पैशाशी जोडलेला राहतो. म्हणून भरताना समोर बसावे आणि जमल्यास भरलेले पान छापून घ्यावे.

वैयक्तिक माहितीत नाव आधारवर आहे तसेच लिहिले जावे. मराठी नावांची इंग्रजी अक्षरे ठरलेली नसतात. एकाच बाईचे नाव आधारवर एक, पासबुकावर दुसरे आणि जॉबकार्डवर तिसरे असते. लग्नानंतर आडनाव बदललेले असले तर हा घोळ ठरलेलाच. तो नोंदणीच्या दिवशी मिटवणे सोपे असते, हप्ता परत गेल्यावर अवघड जाते. घर पत्नीच्या नावे किंवा पती-पत्नी दोघांच्या नावे मंजूर करण्याचा नियम आहे. पुरुष विधुर, अविवाहित किंवा विभक्त असेल तर त्याला अपवाद आहे. मोबाइल क्रमांक घरातल्याच माणसाचा द्यावा. अनेक ठिकाणी अर्ज भरून देणाऱ्या दुकानदाराचा किंवा एखाद्या कार्यकर्त्याचा क्रमांक टाकलेला असतो आणि मग मंजुरीचा संदेश भलत्याच्याच फोनवर जातो.

बँक खात्याचा भाग सर्वांत नाजूक आहे. त्याबद्दल पुढे स्वतंत्रपणे सांगितले आहे.

इतर योजनांच्या भागात दोन क्रमांक असतात: रोजगार हमीच्या जॉबकार्डाचा आणि स्वच्छ भारत मिशनचा. जॉबकार्ड क्रमांक चुकला किंवा दुसऱ्याचा पडला, तर ९० दिवसांची मजुरी अडते. घर मंजूर झाले की त्या घराचे काम रोजगार हमीच्या प्रणालीत आपोआप तयार होते आणि त्यावर हजेरीपट, म्हणजे मस्टर, निघतो. जॉबकार्डच नसेल, तर आधी ग्रामपंचायतीत मागणी करून ते काढून घ्यावे.

फोटो: पहिला पाया खणण्याआधी

मंजुरी आदेश निघण्याआधीच दोन गोष्टींचे फोटो काढले जातात. एक, तुम्ही सध्या राहता त्या घरासमोर उभे राहून तुमचा. दुसरा, जेथे नवे घर बांधणार त्या जागेचा. यावरून नवे घर खरोखर त्याच जागी उभे राहिले की नाही, हे नंतर ताडता येते.

येथे एक सूचना आवर्जून. जुने घर पाडून तेथेच नवे बांधायचे असेल, तर पाडण्याची घाई करू नका. पावसाळ्याआधी काम उरकावे म्हणून लोक यादीत नाव आले की लगेच घर उतरवतात. जुन्या घराचा फोटो झालेला नसेल, तर मग दाखवायला काही उरत नाही आणि प्रकरण चौकशीत जाते. मंजुरी आदेश हातात आल्यावरच कुदळ मारा.

तसेच फोटो एका जागेचा आणि घर दुसऱ्या जागी, असेही होऊ देऊ नये. भावकीतल्या वाटणीमुळे किंवा रस्त्याच्या सोयीसाठी जागा बदलावी लागली, तर पाया खणण्याआधी ग्रामपंचायतीला लेखी कळवावे आणि नव्या जागेचा फोटो घ्यायला लावावा.

मंजुरीनंतर बांधकामाचे टप्पे असे धरले जातात: पाया, जोते, खिडकीच्या तळापर्यंतची भिंत, लिंटेल, छत आणि पूर्ण झालेले घर. पहिला हप्ता मंजुरीसोबतचा असतो. आदेश निघाल्यापासून एका आठवड्याच्या आत तो खात्यात जमा करावा, अशी तरतूद आहे. पुढचे हप्ते टप्प्यांना जोडलेले असतात. दुसरा हप्ता पाया किंवा जोत्याला, त्यानंतरचा खिडकी, लिंटेल किंवा छताला. एकूण हप्ते किती आणि प्रत्येक हप्त्याची रक्कम किती, हे राज्य ठरवते. म्हणून शेजारच्या राज्यातल्या नातेवाइकाला किती आले यावरून आपला हिशेब मांडू नये. आपल्या तालुक्यातील हप्त्यांचा तक्ता लेखी मागून घ्यावा आणि वाळू-सिमेंट त्या बेताने आणावे.

टप्पा पूर्ण झाला की अभियंत्याला किंवा ग्रामपंचायतीला फोन करा, आणि फोनवर भागले नाही तर तारखेसह लेखी अर्ज द्या. फोटो काढताना घरातील लाभार्थी समोर असावा, मोबाइलचे ‘लोकेशन’ सुरू असावे आणि टप्पा नीट दिसावा. जोत्याचा फोटो असेल तर चारही बाजूंचे जोते व भरणी दिसली पाहिजे. नुसता एक कोपरा दाखवणारा फोटो तालुक्यात बसलेल्या माणसाला काहीच सांगत नाही. अंधारात, पावसात किंवा विटांच्या ढिगाआडून काढलेले फोटो नामंजूर होतात.

आता ती मधली पायरी. फोटो काढला जाणे, तो अपलोड होणे आणि तो मंजूर होणे, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. डोंगरपट्ट्यात किंवा नेटवर्क नसलेल्या वाडीवर काढलेला फोटो अभियंत्याच्या मोबाइलमध्येच पडून राहू शकतो. अपलोड झालेला फोटो तालुक्याच्या लॉगिनला तपासणीविना थांबू शकतो. आणि नामंजूर झालेला फोटो पुन्हा काढायचा आहे, हे तुम्हाला कोणी येऊन सांगेलच असे नाही. ‘साहेब येऊन फोटो काढून गेले’ एवढ्यावर महिना-दोन महिने थांबू नका. आठ-दहा दिवसांत नोंद पाहा. टप्पा पुढे सरकलेला नसेल तर तीन गोष्टींपैकी नेमकी कुठली राहिली, हे विचारा. ‘हप्ता का नाही आला’ या मोघम प्रश्नाला ‘येईल’ असे मोघम उत्तर मिळते. ‘जोत्याचा फोटो मंजूर झाला का’ या प्रश्नाला हो किंवा नाही असेच उत्तर द्यावे लागते.

फोटो, नोंदणी, मंजुरी, हप्ता यांपैकी कशालाही शुल्क नाही. कोणी पैसे मागितल्यास महाराष्ट्रात लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या १०६४ या टोल-फ्री क्रमांकावर तक्रार करता येते.

नोंद मंजूर झाल्यावर पैसा कसा येतो

टप्पा मंजूर झाला की कार्यालय ‘एफटीओ’ तयार करते. हा निधी हस्तांतराचा आदेश असतो. पूर्वीच्या धनादेशाच्या जागी हा आला आहे. त्यावर दोन अधिकाऱ्यांच्या डिजिटल सह्या लागतात. पहिली सही होऊन दुसरी राहिली असेल, तर आदेश तयार दिसतो पण पैसा हलत नाही. दोन्ही सह्या झाल्या की आदेश केंद्र सरकारच्या ‘पीएफएमएस’ या भरणा प्रणालीकडे जातो, तेथून बँकेकडे, आणि मग रक्कम तुमच्या खात्यात जमा होते.

या वाटेवर पैसा अडण्याची बहुतेक कारणे बँक खात्याशी संबंधित असतात. खाते क्रमांकात एक आकडा चुकलेला असतो. बँकांचे विलीनीकरण होऊन शाखेचा आयएफएस कोड बदललेला असतो आणि नोंदीत जुनाच राहिलेला असतो. दोन वर्षे व्यवहार न झाल्याने खाते निष्क्रिय झालेले असते. आधारशी जोडणीचा प्रश्न त्याहून फसवा आहे. भरणा आधार क्रमांकाच्या आधारे होत असेल, तर रक्कम पासबुकातल्या खात्यात न जाता आधारशी सर्वांत शेवटी जोडलेल्या खात्यात जाते. गॅसच्या अनुदानासाठी, बचत गटासाठी किंवा एखाद्या मोबाइल कंपनीच्या पेमेंट बँकेत कधीतरी उघडलेले खाते तेथे जोडलेले असू शकते. अशा वेळी लोक ‘पैसे आलेच नाहीत’ म्हणून पंचायत समितीच्या फेऱ्या मारतात आणि रक्कम भलत्याच खात्यात पडून असते. ‘माय आधार’ संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ या ठिकाणी सध्या कोणती बँक जोडलेली आहे ते दिसते. आधारला मोबाइल जोडलेला नसेल तर बँकेत जाऊन विचारावे.

काही जणांची खाती पूर्ण कागदपत्रांशिवाय उघडलेली ‘लघु खाती’ असतात. अशा खात्यातून महिन्याला १० हजार रुपयांपेक्षा जास्त काढता येत नाहीत. हप्ता जमा झाला तरी सिमेंटच्या दुकानदाराला द्यायला पैसे हातात येत नाहीत. बँकेत आधार व फोटो देऊन केवायसी पूर्ण केली की ही मर्यादा उठते. पहिला हप्ता येण्याआधीच हे काम करून ठेवा.

स्वतःची नोंद कशी पाहावी

मोबाइलवर किंवा सेवा केंद्रात योजनेचे अधिकृत संकेतस्थळ उघडा. वरच्या पट्टीत ‘स्टेकहोल्डर्स’ या शब्दाखाली ‘आयएवाय/पीएमएवायजी बेनिफिशरी’ असा पर्याय असतो. तेथे मंजुरी पत्रावरील नोंदणी क्रमांक टाकला की तुमचे पान उघडते. क्रमांक हाताशी नसेल तर ‘अ‍ॅडव्हान्स्ड सर्च’ घ्या. राज्य, जिल्हा, तालुका, ग्रामपंचायत निवडून नावाने किंवा मंजुरी आदेशाच्या क्रमांकाने शोधता येते. नावाने सापडले नाही तर लगेच घाबरू नका, स्पेलिंग बदलून पाहा.

पान इंग्रजीत असते, पण त्यातून काढायची माहिती थोडीच आहे. मंजुरीची तारीख व रक्कम, आतापर्यंत सुटलेले हप्ते, घर कोणत्या टप्प्यावर दिसते, आणि एफटीओ क्रमांक. हा क्रमांक वहीत लिहून घ्या. त्याच संकेतस्थळावर ‘आवाससॉफ्ट’ या मेनूखाली ‘एफटीओ ट्रॅकिंग’ असते. तेथे तो टाकला की आदेश सहीसाठी थांबला आहे, बँकेकडे गेला आहे की परत आला आहे, ते कळते.

समजा, नोंदीत टप्पा ‘जोते’ दिसतो, दुसऱ्या हप्त्याचा एफटीओही निघालेला दिसतो, पण खात्यात काही नाही. मग अडचण बांधकामाच्या नोंदीत नाही, खात्यात आहे. अभियंत्याच्या मागे लागून उपयोग नाही, पासबुक व आधार घेऊन आधी बँकेत आणि मग तालुक्याच्या कार्यालयात जावे. उलट टप्पा पुढे सरकलेलाच नसेल, तर बँकेत हेलपाटा मारू नये. आपली फेरी कुठे मारायची, हे या एका पानावरून ठरते. मजुरी बुडवून तालुक्याला जाणाऱ्या माणसासाठी ही लहान गोष्ट नाही.

चूक दुरुस्त करून घेताना

दुरुस्ती तुम्हाला स्वतः करता येत नाही, मागावी लागते. अर्ज गटविकास अधिकाऱ्यांच्या (किंवा आपल्या राज्यातील त्या दर्जाच्या अधिकाऱ्यांच्या) नावे करावा. त्यात नोंदणी क्रमांक, काय चुकीचे आहे, बरोबर काय आहे आणि त्याचा पुरावा, एवढेच लिहावे. खात्याची दुरुस्ती असेल तर पासबुकाच्या पहिल्या पानाची स्पष्ट प्रत जोडावी. आवक क्रमांक व तारखेचा शिक्का असलेली दुसरी प्रत स्वतःजवळ ठेवावी. पुढे तक्रार करायची वेळ आली तर हाच कागद कामी येतो.

सगळ्या दुरुस्त्या एकाच लॉगिनवर होत नाहीत. एखादा हप्ता गेल्यानंतर खाते बदलायचे असेल, तर तालुक्यापलीकडे, जिल्हा पातळीवरही मान्यता लागू शकते. परत आलेल्या हप्त्यासाठी खाते दुरुस्त होऊन पुन्हा एफटीओ काढावा लागतो. तो आपोआप निघत नाही. दुरुस्ती झाल्याचे तोंडी कळले तरी आठवड्याने पान पुन्हा पाहा.

लाभार्थ्याचा बांधकामाच्या मध्येच मृत्यू झाला, तर घरच्यांनी मृत्यूचा दाखला व वारसांची माहिती देऊन कार्यालयाला लवकर कळवावे. मयताच्या खात्यात हप्ता येऊ देऊन एटीएमने काढत राहणे हा उपाय नव्हे. बँकेला कळताच खाते थांबते आणि उरलेले हप्ते अडकतात. कुटुंब ऊसतोडीला, वीटभट्टीला किंवा शहरात कामाला गेलेले असेल, तरी निघण्यापूर्वी झालेल्या टप्प्याचा फोटो करून जावे. घर मंजुरीपासून १२ महिन्यांत पूर्ण व्हावे अशी अपेक्षा असते. बराच काळ एकाच टप्प्यावर दिसणारे घर रखडलेले समजले जाऊ शकते आणि वसुलीच्या नोटिशीपर्यंत गोष्ट जाऊ शकते.

मजुरीचा हजेरीपट

घराच्या कामावर कुटुंबातील जॉबकार्डधारकांनी काम केले तर त्याची मजुरी हप्त्यांपेक्षा वेगळी, थेट त्यांच्या खात्यात येते. ती घरकुलाच्या रकमेतून कापली जात नाही. पण ती मिळण्यासाठी मस्टर काम चालू असतानाच निघावा लागतो. घर पूर्ण झाल्यावर मागच्या तारखेचा मस्टर निघत नाही. म्हणून पाया खणतानाच ग्रामरोजगार सेवकाकडे कामाची मागणी लेखी द्या. स्वतःच्या घरावर राबलेले दिवस असे फुकट जाताना पाहिले की वाईट वाटते, कारण ही रक्कम लहान नसते. स्लॅबच्या सळईला किंवा दरवाजे-खिडक्यांना तिचा मोठा आधार होतो.

तालुक्यात काम झाले नाही तर

योजनेच्या मार्गदर्शक आराखड्यानुसार तक्रार मिळाल्यापासून १५ दिवसांत तिचा निपटारा व्हायला हवा. तालुक्यात दाद लागली नाही तर जिल्ह्याच्या पातळीवर जावे. महाराष्ट्रात हे काम जिल्हा ग्रामीण विकास यंत्रणेकडे असते. योजनेचा टोल-फ्री क्रमांक १८००-११-६४४६ आहे. पैसा भरणा प्रणालीत अडकला असेल तर पीएफएमएसचा १८००-११-८१११ हा क्रमांक आहे. फोन करताना नोंदणी क्रमांक व एफटीओ क्रमांक जवळ असावा, नाहीतर पलीकडचा माणूसही फार काही सांगू शकत नाही. केंद्र सरकारच्या ‘सीपीग्राम्स’ या तक्रार पोर्टलवरही ऑनलाइन तक्रार करता येते आणि तिचा क्रमांक मिळतो.

फोटो नामंजूर का झाला, याचे उत्तर कोणीच देत नसेल, तर माहितीचा अधिकार कायदा, २००५ खाली अर्ज करा. फी १० रुपये आहे, दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला तीही नाही, आणि ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. अर्जात ‘माझ्या घराच्या कोणत्या टप्प्याचा फोटो कोणत्या तारखेला अपलोड झाला, कोणत्या तारखेला नामंजूर झाला व त्याचे कारण काय’ एवढेच विचारा. याशिवाय प्रत्येक ग्रामपंचायतीत वर्षातून किमान एकदा सामाजिक अंकेक्षण व्हायचे असते. त्या ग्रामसभेत घरकुलांची यादी वाचली जाते तेव्हा हजर राहावे. प्रणालीत ‘पूर्ण’ दिसणारे घर प्रत्यक्षात अर्धे असेल, किंवा एखाद्याच्या नावावर हप्ते निघाले असून त्याला पत्ताच नसेल, तर ते तेथेच उघड होते.

शेवटचा फोटो पूर्ण घराचा असतो. छत, दरवाजे, खिडक्या झाल्यावर तो काढून घ्या आणि शेवटचा हप्ता जमा झाला तरी नोंदीत घर ‘पूर्ण’ दाखवले आहे ना, ते एकदा पाहून घ्या. त्यानंतर मंजुरी पत्र, नोंदणी क्रमांक, सर्व एफटीओ क्रमांक लिहिलेली वही आणि कार्यालयाच्या शिक्क्याचे अर्ज एकाच पिशवीत ठेवा. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये नव्या घराची नोंद करताना आणि पुढे वीजजोडणी घेताना त्यातले कागद पुन्हा मागितले जाऊ शकतात.